शिकारीचा बो घेताना स्पीड किती बघायचा? ३५० की ३२०?

पाचोऱ्याकडचा एक भाऊ सध्या अमेरिकेत पेनसिल्वेनियात नोकरीला आहे, त्याचा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. ऑफिसमधले मित्र येत्या सीझनला त्याला हरणाच्या शिकारीला नेणार आहेत, बंदूक नाही, धनुष्यानेच. दुकानात दोन कंपाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं (कॅम) असलेली धनुष्यं, हातात घेऊन बघितले. एकावर ३५० एफपीएस लिहिलंय म्हणजे सेकंदाला ३५० फूट, दुसऱ्यावर ३२०. पहिला जवळजवळ पाचशे डॉलरने महाग. उंची ५ फूट ६ इंच, जिमला जातो, याआधी बो कधी चालवला नाही. तर हा ३० चा फरक शिकारीत खरंच कामाला येतो का आणि त्यासाठी पाचशे डॉलर टाकावेत का, एवढंच त्याला पाहिजे.

आपल्या अहिराणीत एका वाक्यात सांगायचं तर, भाऊ, इतला पैसा कायले घालस? पण नुसतं असं म्हणून सोडून दिलं तर तुला वाटेल हा म्हातारा कंजूष आहे, म्हणून कारणं सांगतो. मी तिकडे बरीच वर्षं होतो, नोकरी वेगळी होती पण शनिवार-रविवार एका बो-शॉपच्या मागच्या खोलीत दोऱ्या बदलणं, कॅम सेट करणं, ट्यूनिंग हीच कामं करायचो आणि सीझन लागला की झाडावर दबा धरून. आता शहाद्याला परत आलोय, पपई-केळी बघतो आणि संध्याकाळी पोरांना कंपाउंड शिकवतो. २०२३ ला बर्लिनला आपल्या महाराष्ट्राचे अदिती स्वामी आणि ओजस देवतळे वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून पोरं वाढलीत आणि नवीन आलेलं प्रत्येक पोरगं पहिला प्रश्न हाच विचारतं, सर याचा स्पीड किती. त्यामुळे हे उत्तर तोंडपाठ झालंय म्हण.

एक गोष्ट इथल्या वाचणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकतो, कारण खाली हमखास कोणीतरी विचारणार की मग सातपुड्यात चालेल का. नाही चालणार. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार गुन्हा आहे, बाणाने मारलं काय आणि बंदुकीने मारलं काय. शेतात रानडुक्कर, रोही घुसतात, माझ्याही शेतात घुसतात, पण त्याचा रस्ता वनखात्याच्या ऑफिसातून जातो. तिकडे पेनसिल्वेनियात शिकारीचं लायसन्स, सीझन, टॅग, सगळं सरकार ठरवतं आणि त्या चौकटीत ती कायदेशीर आहे. हे उत्तर तिथल्यासाठी आहे.

आता मुद्द्यावर. तुझा प्रश्न ३५० की ३२० असा आहे, पण खरा प्रश्न वेगळा आहे. तुझ्या हातात, तुझ्या ओढीला, तुझ्या बाणाला तो बो किती देईल आणि जे मिळेल ते वीस-पंचवीस यार्डावरच्या हरणाला पुरेल का, हा खरा प्रश्न. बोवर छापलेला आकडा तुझा नाहीये. तो आकडा काढताना ७० पाउंडाची ओढ, ३० इंचाचा ड्रॉ (दोरी मागे येते ती लांबी) आणि ३५० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) हलका बाण धरतात, दोरीवर पीप (नेम धरायची भोकाची गोटी) नाही, डी-लूप (दोरी सोडायचा चाप, म्हणजे रिलीज, अडकवायचा फास) नाही, काही नाही. कंपनी गाडीचं मायलेज सांगते तसंच समज, गाडी तीच असते पण जळगाव-भुसावळ रोडला चालवणारा तू असतोस.

तुझा ड्रॉ किती येईल? दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मोजायचं आणि अडीचने भागायचं. साधारण माणसाचा हा पसारा उंचीइतकाच असतो, म्हणजे तुझे ६६ इंच, भागिले अडीच, साडेसव्वीसच्या जवळ. धरून चालू २७. म्हणजे छापलेल्या आकड्यापेक्षा तीन इंच कमी, आणि एका इंचाला साधारण १० एफपीएस जातात. ओढ तू ७० ची घेणार नाहीस, घेऊ पण नकोस, त्याचं पुढे सांगतो, ६० धर, तिथे १५-२० गेले. बाण शिकारीचा ४२० ग्रेनच्या आसपास पाहिजे, ३५० चा नाही, आणि दर तीन ग्रेनला एक एफपीएस असा ढोबळ हिशोब, म्हणजे वीस-बावीस अजून गेले. पीप आणि लूप थोडं खातात. सगळं वजा करून ३५० वाला बो तुझ्या हातात २७० च्या आसपास येतो आणि ३२० वाला, त्याची वजावट त्याच प्रमाणात थोडी कमी होते म्हणून, २४८ च्या आसपास. हे आकडे क्रोनोग्राफवर, म्हणजे स्पीड मोजायच्या मशीनवर, पाच-सात इकडे तिकडे होतील, त्याने काही बिघडत नाही. बघ, दुकानात जो फरक ३० चा होता तो तुझ्याकडे येईपर्यंत वीस-बावीसवर आला. पाचशे डॉलर या वीस-बावीसचे आहेत.

आता त्या वीस-बावीसने काय मिळतं ते बघू. तीन गोष्टी सांगतात लोक. ताकद जास्त, बाण सरळ जातो, आणि हरणाला पळायला वेळ मिळत नाही.

ताकदीचं पटकन उरकतो. बाणाची ऊर्जा काढायचं सूत्र सोपं आहे, ग्रेनमध्ये वजन, गुणिले एफपीएसचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, उत्तर फूट-पाउंडात. ४२० ग्रेन आणि २७० एफपीएसला ६८ येतात, २४८ ला ५७. ईस्टन कंपनीचा एक तक्ता आहे, तिकडच्या प्रत्येक दुकानात तोच सांगतात, त्यात हरणाला २५ ते ४१ पुरतात आणि एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर असल्या मोठ्या जनावराला ४२ ते ६५. म्हणजे तुझा स्वस्तातला बोसुद्धा हरणाच्या गरजेच्या बराच वर आहे. बाण काही बंदुकीच्या गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापतो, दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला की जनावर रक्तस्रावाने काही सेकंदात बसतं. आरपार गेल्यावर पलीकडच्या मातीत तो किती खोल घुसला याला काय अर्थ आहे?

दुसरं, बाण सरळ जाण्याचं. इथे स्पीडवाल्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, नाही म्हणत नाही. बाण सुटल्यापासून खाली येतच असतो, जोरात गेला तर कमी येतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला तरी जोरातला बाण कमी चुकतो. पण किती कमी? समज हरीण २५ यार्डावर आहे आणि तू २० समजून सोडला. २७० वाला बाण ३ इंच खाली लागेल, २४८ वाला साडेतीन. अर्धा इंच. चल, ४० यार्डावर आहे आणि तू ३५ धरलं, तर पावणेपाच इंच विरुद्ध साडेपाच-पावणेसहा. एक इंच धर. व्हाइटटेल हरणाचं हृदय-फुप्फुसाचं क्षेत्र ढोबळमानाने ८ इंचाच्या गोलाइतकं धरतात, म्हणजे मधे धरलं तर वर-खाली चारच इंच हातात आहेत. २५ वर दोघंही आत, ४० वर दोघंही बाहेर. वीस एफपीएस जास्त असून तुझी चूक वाचली नाही. वाचवणार कोण, तर लेझर रेंजफाइंडर, जो बटण दाबलं की यार्ड सांगतो आणि पाचशे डॉलरच्या खूप आत येतो. झाडावर बसलास की पहिलं काम, आजूबाजूची चार-सहा झाडं, दगड, एखादा ओंडका मोजून ठेवायचा, म्हणजे हरीण आल्यावर मशीन डोळ्याला लावायचीसुद्धा गरज नाही.

तिसरं जास्त इंटरेस्टिंग आहे आणि याच्यावरच सगळ्यात जास्त चुकीचं बोललं जातं. याला तिकडे स्ट्रिंग जंप म्हणतात. दोरीचा आवाज होतो, हरीण दचकतं आणि बाण पाठीवरून जातो. नवीन माणसाला वाटतं की हरीण उडी मारतं. उलट आहे. कधी जवळून बघायला मिळालं तर नीट बघ, मान खाली घालून ओकची फळं खाणारी मादी असते, कान मात्र एकटेच फिरत असतात, दोरी सुटते आणि तिचे पुढचे पाय एकदम गुडघ्यातून मुडपतात, छाती जमिनीकडे जाते, डोकं वर येतं. पळण्याआधी ती पाय गोळा करते. आपण पळायच्या आधी थोडं वाकतो तसंच, फक्त हे इतक्या झटक्यात होतं की तुला नुसता बाण वरून गेलेला दिसतो आणि तू म्हणतोस साइट बिघडली.

आता हिशोब कर. आवाज सेकंदाला अकराशे फुटांच्या वर जातो, बाण अडीचशे-पावणेतीनशे. म्हणजे कुठलाही बो घे, आवाज बाणाच्या खूप आधी पोचणार, ३५० चा घेतलास तरी. २० यार्ड म्हणजे ६० फूट, आवाज पोचायला ०.०५ सेकंद, २७० चा बाण पोचायला ०.२२. मधे हरणाकडे ०.१७ सेकंद. ४० यार्डावर हाच वेळ दुप्पट होतो, ०.३४. आणि इथे गंमत आहे, पाय सैल सोडून खाली पडणारी वस्तू दुप्पट वेळात चौपट खाली जाते. २० यार्डावर ०.१७ सेकंदात जास्तीत जास्त साडेपाच इंच, तेही आवाज कानावर पडल्या पडल्या पाय सोडले तर, प्रत्यक्षात दचकायलाच थोडा वेळ जातो. ४० यार्डावर तो आकडा बावीस इंच होतो. २४८ वाल्या बाणाला ४० यार्डावर अजून ०.०४ सेकंद लागतात, म्हणजे सत्तावीस. बावीस काय आणि सत्तावीस काय, दोन्हीकडे बाण हवेतच. पण ४० चा २० केलास तर सगळा खेळच बदलतो, आणि त्याला एक डॉलर लागत नाही, झाड नीट निवडायला लागतं, वाऱ्याची दिशा बघायला लागते, आणि अंतर जास्त वाटलं तर सोडायचा नाही हे मनाला सांगायला लागतं. त्यातून हरीण निवांत आहे की सावध आहे हेही बघायचं. मान वर करून तुझ्याच दिशेला टक लावून बघणारं हरीण २० वर असलं तरी मी सोडत नाही.

आणि आवाजच जर पहिला पोचत असेल तर मग आवाज कमी करण्यात जास्त फायदा नाही का? तेच तर. जोरात पळणारा हलका बाण दोरीतली सगळी ताकद घेऊन जात नाही, उरलेली बोमध्येच थरथर आणि आवाज बनून राहते. जड बाण जास्त घेऊन जातो, बो शांत होतो. तोच ३५० वाला बो घेऊन ३५० ग्रेनचा बाण लाव, नंतर ४२० चा, नंतर ५०० चा. आवाजातला फरक दुकानात उभं राहून कानाने कळतो, मशीन लागत नाही. ऊर्जा जवळजवळ तीच राहते, जड बाणाची किंचित जास्तच, आणि हाडाला वगैरे लागला तर जड बाण आत शिरत राहतो, हलका लवकर थांबतो. म्हणून ६० पाउंडाला ४०० ते ४५० ग्रेन मी सांगतो. ५०० ला पण हरकत नाही, फक्त बाण जास्त खाली येईल हे धरून वीस-पंचवीसच्या आतच राहायचं. उलटं मात्र करू नको. स्पीड दिसावा म्हणून बाण हलका हलका करत नेणारे मी बघितलेत, पाउंडाला ५ ग्रेनच्या खाली गेलं की बो रिकाम्या दोरीने सोडल्यासारखा होतो, लिंब (बोचे वरचे-खालचे वाकणारे हात) तडकतात, दोरी उडते, आणि वॉरंटी पण गेली.

आता ओढीचं, कारण स्पीडच्या मागे लागून नवीन माणूस हमखास इथे अडकतो. जिमला जातोस चांगलं आहे, पण बो ओढायचे स्नायू पाठीचे असतात आणि जिममधल्या पोरांची पाठ बऱ्याचदा इथे दगा देते. दुकानात ७० चा बो सगळेच ओढतात, कसं, तर बाण आभाळाकडे करून, पाय फाकवून, दात खाऊन. झाडावर हे चालत नाही. नोव्हेंबरची सकाळ, पाणी गोठलेलं, तू दोन-तीन तास न हलता बसलाय, अंगावर तीन थर, बोटं बधिर, आणि १८ यार्डावर हरीण आलं. तिथे बो समोर धरून, हात वर न नेता, सावकाश, एका ओढीत मागे यायला पाहिजे. माझी टेस्ट सोपी आहे. खुर्चीवर बस, पाय जमिनीवरून उचल, बो टार्गेटकडे सरळ धर आणि ओढ. जागेवरून हलला नाहीस, बो वर गेला नाही, तर ते वजन तुझं. नाही जमलं तर पाच पाउंड कमी कर आणि परत बघ. पेनसिल्वेनियात हरणासाठी कायद्याने कमीत कमी ३५ पाउंड लागतात, त्यामुळे ५० ने सुरुवात केलीस तरी कुठेही अडणार नाही. ५० ते ६० किंवा ५५ ते ६५ असं फिरवता येणारं लिंब घे, सहा महिन्यात आपोआप वाढवशील.

तसंच ड्रॉ लेंग्थ. काही दुकानं स्पीड दाखवायला गिऱ्हाइकाला एक इंच लांब ड्रॉ लावून देतात, क्रोनोग्राफवर आकडा छान दिसतो, गिऱ्हाईक खूष. घरी आल्यावर दोरी हातावर सटकन लागते, कंबर मागे झुकते, डोकं मागे जातं, ग्रुप उघडतात, म्हणजे बाण एका जागी न लागता पसरतात. मी आरशासमोर उभं करून बघतो, नाकाचं टोक दोरीला नुसतं टेकलं पाहिजे, मान सरळ, अंग सरळ, मागचा कोपर बाणाच्या रेषेत. त्यात अर्धा इंच कमी बसला तर कमी घे. पाच एफपीएस गेले तर जाऊ दे. थंडीत जॅकेटची बाही फुगते त्याला पण हाच अर्धा इंच कामाला येतो, नाहीतर दोरी बाहीला घासते आणि बाण कुठच्या कुठे.

बोच्या रचनेचं पण बोलतो, जास्त खोलात नाही जात. स्पीड फुकट येत नाही. एक तर कॅम आक्रमक असतात, म्हणजे ओढताना सुरुवातीपासूनच पूर्ण वजन अंगावर येतं आणि शेवटी एकदम सुटतं, आणि पूर्ण ओढीवर जरा ढिलं सोडलं की बो हातातून पुढे खेचतो. दुसरं म्हणजे ब्रेस हाइट, दोरी ते ग्रिपच्या खोल भागापर्यंतचं अंतर. ते कमी केलं की दोरी बाणाला जास्त लांबपर्यंत ढकलते, स्पीड वाढतो, पण तेवढाच जास्त वेळ तुझ्या हाताच्या चुकाही बाणाला लागत राहतात. ६ इंचाच्या खालचे बो अनुभवी माणसाला ठीक, नवीन माणसाला साडेसहा-सातवाला माफ करतो. हल्लीचे ६ इंचवाले पण पूर्वीपेक्षा बरेच सरळ वागतात हे मान्य आहे, तरी पहिल्या बोला मी तुला ओढायला मऊ आणि सातच्या जवळचा घ्यायला लावीन. तुझे ते दोन बो कोणते हे तू लिहिलं नाहीस, पण ३२० वाला बहुतेक याच जातीचा असणार.

ब्रॉडहेडचं, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या पातीवाल्या टोकाचं, एक राहिलं. सरावाच्या साध्या टोकाला पाती नसतात, ब्रॉडहेडला असतात, पेनसिल्वेनियात ती कमीत कमी पाऊण इंचाच्या थोडी वर, सात अष्टमांश इंच रुंदीची असावीच लागतात. ही पाती हवेत पंखासारखी वागतात. बो नीट ट्यून केलेला नसला तर साध्या टोकाचा ग्रुप मधे आणि ब्रॉडहेडचा चार इंच उजवीकडे, आणि जितका जोर जास्त तितकं हे जास्त दिसतं. तीस यार्डावर दोन्ही एकाच जागी लागेपर्यंत रेस्ट, म्हणजे बाण टेकवतात तो भाग, थोडा थोडा सरकवायचा, आधी कागदातून बाण मारून फाटलेली रेघ बघायची, शेपूट डावीकडे फाटतंय का उजवीकडे. हे काम करायला दुकानातला चांगला माणूस एक तास घेतो, त्याला तो तास दे. माझ्या अनुभवात पहिल्या सीझनला हरीण हुकण्याची जी कारणं असतात त्यात कमी स्पीड मला आठवतच नाही, घाई, लांबून सोडलेला बाण आणि न ट्यून केलेला बो हीच असतात.

मग स्पीडला काहीच किंमत नाही का? आहे, आणि जिथे आहे तिथे मी स्वतः पैसे टाकायला सांगतो. पश्चिमेकडच्या मोकळ्या मैदानात जनावर पन्नासच्या पुढेच दिसतं, तिथे सपाट जाणारा बाण लागतो आणि तिथले लोक त्याचा सराव वर्षभर करतात. थ्रीडी स्पर्धेत, म्हणजे प्राण्यांच्या पुतळ्यांवर बाण मारायच्या स्पर्धेत, बऱ्याचदा अंतर न मोजता अंदाजाने मारायचं असतं, तिथेही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ज्यांची ओढच कमी आहे त्यांना. समज पुढे बायकोला पण यायचं झालं, तिचा ड्रॉ २५ इंच आणि झेपणारं वजन ४२ पाउंड. तिच्या हातात तो ३२० वाला बो साधारण ३७ फूट-पाउंड देईल आणि ३५० वाला ४३-४४. हरणाला ३७ पण पुरतात, तरी तिथे मी महागाकडे बघीन, कारण तिच्याकडे उरणारं कमी आहे आणि वजन वाढवून ते भरून काढता येत नाही. तुझ्याकडे उरतंय. इथे आमच्या पोरांच्या स्पर्धेत कंपाउंडला ६० पाउंडाची कमाल मर्यादा आहे, ५० मीटरवर ८० सेंटिमीटरचा कागद, अंतर ठरलेलं आणि कागद दचकत नाही, त्यामुळे तिथे स्पीडचा विषय वारा सोडला तर कोणी काढतच नाही.

जुनी गोष्ट सांगतो, मग संपवतो. कंपाउंड बो हा प्रकारच नवा आहे, मिझुरीच्या होलेस विल्बर ॲलनने १९६६ ला पेटंटचा अर्ज केला आणि १९६९ ला ते मिळालं. त्याच्या आधी फ्रेड बेअरसारखे लोक रिकर्व्ह बोने अलास्कात मूस आणि अस्वलं मारत होते, आणि रिकर्व्हचा शिकारी बाण आजही १८०-१९० च्या घरात जातो. त्याच्याही आधी इशी नावाचा याही जमातीचा शेवटचा माणूस १९११ ला कॅलिफोर्नियात बाहेर आला, त्याच्याकडून सॅक्स्टन पोप नावाचा डॉक्टर बाण मारायला शिकला, आणि तिकडची आजची बो-हंटिंग बऱ्याच अंशी तिथून सुरू झाली. आपल्याकडे धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल, पावरा लोकांचा तीरकामठा बघितला असशील, धनुष्यही बांबूचं आणि दोरीही बांबूच्याच कामटीची, होळीच्या भोंगऱ्या बाजारात अजून लोक हातात घेऊन येतात. या सगळ्यांच्यात कॉमन काय, तर जवळ जाणं. ती कला स्पीडने मागे टाकली असं दुकानदार म्हणतात, मला तरी तसं दिसलं नाही.

तर भाऊ, ३२० वाला घे, तो हातात चांगला बसत असेल तर. बसत नसेल आणि ३५० वाला मऊ ओढला जात असेल, खुर्चीवरची टेस्ट पास होत असेल, तर तो घे, मग पाचशे डॉलर गेले त्याचं वाईट नाही, कारण तू ते बसण्याचे दिलेस. विकत घ्यायच्या आधी दोन्ही बो एकाच वजनावर, एकाच ड्रॉवर, एकाच ४२० च्या बाणाने डोळे मिटून दहा-दहा वेळा ओढून मारून बघ, जवळ ठेवलेल्या टार्गेटवर अर्थात, दुकानदाराला बाजूला उभं करून.

वाचलेल्या पैशाची यादी देतो. रेंजफाइंडर, बाण सोडताना खाली पडणारा चांगला रेस्ट, तुझ्या बोटाला जमणारा रिलीज, एकाच वजनाचे डझनभर बाण, घरामागे ठेवायला टार्गेटचा ठोकळा. आणि झाडावर चढणार असशील तर फुल बॉडी हार्नेस, जमिनीवरून पाय उचलला तेव्हापासून परत जमिनीवर येईपर्यंत अडकवलेला, कारण तिकडे शिकारीत लोक बाणाने कमी आणि झाडावरून पडून जास्त मोडतात. मित्र म्हणतील आम्ही कधी लावला नाही, म्हणू दे.

आणि लायसन्सच्या आधी तिथला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स पहिल्यांदा करणाऱ्याला लागतोच, तो आत्ताच करून टाक, सीझन जवळ आला की सगळेच धावतात. कोर्स झाला, बो आला, की हात पसरून मोजलेला आकडा, बाणाचं पूर्ण वजन टोकासकट, आणि क्रोनोग्राफचा खरा आकडा इथेच टाक, ब्रॉडहेड कुठे जातंय ते पण लिही, मग रेस्ट कुठल्या बाजूला सरकवायचा ते सांगतो.